माझ्या पाटीवरचे तीन शब्द

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि तुम्हाला मी कधी दिसणारही नाही. मी लोखंडाची नाही, लाकडाची नाही. मुळशी तालुक्यात रिह्याच्या खोऱ्यात एक दूध संस्था आहे. तिच्या संगणकात मी गेली नऊ वर्षे राहते. माझे नाव भेटनोंद. जनावरांच्या डॉक्टरांनी कोणाच्या गोठ्यावर कोणत्या दिवशी जायचे, याची नोंद करणे हे माझे काम. संगणकाच्या जगात नऊ वर्षे म्हणजे फार झाली. माझ्या बरोबरीची किती तरी कामे पुसली गेली. मी अजून चालते आहे, म्हणून मला जुनी म्हणायला हरकत नाही.

माझा जन्म पुण्याला लागून असलेल्या सूस गावात झाला. आता तिथे उंच सोसायट्या आहेत. त्यांतल्याच एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक लहानसे ऑफिस होते. निरंजन नावाचा तरुण तिथे नुकताच नोकरीला लागला होता. त्याने दुपारचे जेवण झाल्यावर मला लिहायला घेतले आणि चहाच्या वेळेपर्यंत मी पुरी झाले. तेव्हा मी पडद्यावरचे एक हिरवे बटण होते. माझ्यावर लिहिले होते, ‘डॉक्टरांची भेट नोंदवा’. शेजारी माझी धाकटी बहीण होती, तातडहाक. ती लाल बटण होती. तिच्यावर लिहिले होते, ‘डॉक्टरांना कळवा’.

आम्हा दोघींची कामे अगदी वेगळी होती. डॉक्टर आमच्या खोऱ्यात मंगळवारी आणि शुक्रवारी फेरी करत. मला दाबले, की मी पुढच्या फेरीच्या यादीत शेतकऱ्याचे नाव लिहीत असे. तिला दाबले, की ती त्या क्षणी डॉक्टरांचा फोन वाजवीत असे. मी वही होते, ती हाक होती.

संस्थेचे सचिव होते नथूकाका. त्यांनी सात वर्षे आम्हाला वापरले आणि एकदाही आमच्यात गल्लत केली नाही. सकाळी दूध घालायला आलेले कोणी खिडकीशी थांबून म्हणाले, की गाय बरी नाही, तर काका मान वर करून विचारत, “खातीया का? उभी ऱ्हातीया का?” उत्तर ऐकले की त्यांचे बोट आपोआप हिरव्या नाहीतर लाल बटणाकडे वळे. कोणते बटण कशासाठी, हे कुठेही लिहिलेले नव्हते. ते नथूकाकांच्या डोक्यात होते. त्यामुळे ते लिहून ठेवायला हवे, असे कोणाला वाटलेच नाही.

ते दिवस चांगले होते. लाळ-खुरकुताची लस, गाभण तपासणी, गोचिडांचे औषध, अशा हजारो नोंदी मी केल्या. एका वार्षिक सभेत अध्यक्ष म्हणाले, की ही नोंद आल्यापासून एका जनावराची लस चुकली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाव अर्थातच संगणकाचे झाले, पण मला मनातून बरे वाटले.

मग नथूकाका निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस मिळेना. तेव्हा संस्थेने एक नवा सहायक घेतला. तो माणूस नव्हता. तो होता एआय एजंट. शेतकऱ्याने फोनवर बोलायचे, एजंटने ते समजून घ्यायचे आणि संगणकातले योग्य ते काम निवडून करवून घ्यायचे. अशी आम्ही चौदा कामे होतो. आता आम्हाला बटणे म्हणत नव्हते, टूल म्हणत होते. म्हणजे अवजारे.

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हा एजंट हुशार आहे. आमच्या खोऱ्यातली बोली त्याला कळते. पण माझ्या आत काय चालते, हे त्याला दिसत नाही. त्याला दिसते माझे नाव आणि नावाखाली लिहिलेले माझे वर्णन. त्या वर्णनाला मी माझी पाटी म्हणते. अनोळखी गावात आलेला पाहुणा जसा पाट्या वाचत चालतो, तसा तो आमच्या पाट्या वाचतो आणि ठरवतो, की कोणाचे दार वाजवायचे.

चौदा पाट्या लिहायचे काम निरंजनकडे आले. तोपर्यंत तो ऑफिसात वरच्या जागेवर गेला होता आणि त्याला दुसरीही बरीच कामे होती. त्याने एका बैठकीत चौदाही पाट्या लिहून टाकल्या. बटणावरचे शब्द होते, तेच थोडे फिरवले. माझ्या पाटीवर तीन शब्द आले, ‘डॉक्टरांची भेट नोंदवते.’ बहिणीच्या पाटीवर दोनच आले, ‘डॉक्टरांना कळवते.’ काम झाल्यावर मी जे उत्तर देत असे, तेही त्याने बदलले नाही. नोंद झाली, की मी ‘यशस्वी’ एवढेच म्हणत असे. पूर्वी ते पुरत होते, कारण नथूकाकांना शेजारीच दिनदर्शिका दिसायची. एजंटला ती दिसत नव्हती.

चार-पाच महिने काही बिघडले नाही. लोक लस विचारत, गोचीड विचारत, आणि एजंट माझ्याकडे येई. बहुतेक सगळी कामे माझ्याच वाट्याला येत होती. मला थोडा गर्वही झाला, हे कबूल करते.

पौषातला बुधवार होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते. रिह्यापुढच्या एका वाडीवरून जाईबाईंचा फोन आला. जाईबाई पन्नाशीच्या. घरचे सगळे कामावर गेले होते आणि त्या गोठ्यात एकट्या होत्या.

“म्हस अडलीया,” त्या म्हणाल्या. “पहाटंपासनं कळा देतीया. पुढचं दोन पाय दिसत्यात, डोकं न्हाई. डॉक्टरला धाडा.”

एजंटला म्हशीचे कळले. डॉक्टर हवेत हेही कळले. त्याने चौदा पाट्या वाचल्या. ‘डॉक्टरांना कळवते’ वाचून त्याला वाटले, हे नुसते निरोप देण्याचे काम असावे. मग त्याने माझी पाटी वाचली. डॉक्टर गोठ्यावर यायला हवेत, म्हणजे भेट हवी. ती नोंदवणारी मी. तो माझ्याकडे आला.

त्याने दिलेली माहिती मी घेतली. जनावर म्हैस, कारण विणे. पुढची फेरी शुक्रवारची होती. मी जाईबाईंचे नाव शुक्रवारच्या यादीत अकराव्या क्रमांकावर लिहिले आणि म्हणाले, ‘यशस्वी’.

एजंट जाईबाईंना म्हणाला, “डॉक्टरांची भेट नोंदवली आहे. काळजी करू नका.”

जाईबाईंनी फोन पदराला पुसला आणि त्या म्हशीजवळ येऊन बसल्या. पाऊण तास गेला. रस्त्यावर गाडी दिसेना. त्यांनी परत फोन लावून विचारले, “डॉक्टर कुटवर आलं?” एजंटने नोंद तपासली. नोंद होती. तो म्हणाला, “तुमची भेट नोंदवलेली आहे. कृपया थोडी वाट पहा.”

त्यांनी वाट पाहिली. तोवर म्हैस खाली बसली होती आणि कळा मंदावत चालल्या होत्या. शेवटी अकरा वाजता त्यांनी नथूकाकांना फोन केला.

“कोन येनार हाय? नाव सांगितलं का?” काकांनी विचारले.

“न्हाई.”

“कवा येनार, त्ये?”

“त्ये बी न्हाई. नोंदवलंय म्हनला.”

नथूकाका म्हणाले, “मंग कोनी निघालेलं न्हाई. तुमी तिच्यापाशीच थांबा. मी लावतो फोन.”

आमच्या खोऱ्यात फेरी करणाऱ्या डॉ. ज्ञानदा त्या वेळी माले गावात लसीकरणात होत्या. काकांचा फोन येताच त्यांनी लशींची पेटी तशीच तिथल्या लोकांच्या हवाली केली आणि पौडवरून रिह्याचा रस्ता धरला. पोहोचल्या तेव्हा बारा वाजत आले होते. पारडाची मान मागे वळली होती. डॉक्टरांनी हात घालून आधी पाय मागे सारले, मग डोके हळूहळू सरळ केले. अर्धा तास त्या गोठ्याच्या जमिनीवर आडव्या पडून काम करत होत्या. जाईबाईंनी म्हशीचे तोंड धरून ठेवले होते.

पारडी बाहेर आली आणि हललीच नाही. डॉक्टरांनी तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला. जाईबाई पोत्याने तिचे अंग खसाखसा चोळू लागल्या. किती वेळ गेला, ते दोघींनाही सांगता आले नाही. मग पारडी शिंकली. म्हशीने मान वळवून तिला हुंगले आणि चाटायला सुरुवात केली.

डॉक्टर तिथेच भिंतीला टेकून बसल्या. “आणखी थोडा उशीर झाला असता, तर दोघीही गेल्या असत्या,” त्या म्हणाल्या. जाईबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिले आणि मग त्या स्वतः पायरीवर बसून रडल्या.

या सगळ्यातले मला त्या वेळी काहीच ठाऊक नव्हते. माझ्यापुरते काम बिनचूक झाले होते. शुक्रवारी सकाळी मी डॉक्टरांना यादी दिली. तिच्यात अकराव्या क्रमांकावर लिहिले होते, ‘जाईबाई, म्हैस, विणे’. डॉ. ज्ञानदांनी ती ओळ वाचली आणि तिथूनच सूसला फोन लावला.

ऑफिसात वृषाली नावाची एक मुलगी काही महिन्यांपूर्वी आली होती. मुद्द्याचे तेवढेच बोलणारी, पण एकदा हातात घेतलेले सोडणारी नव्हे. डॉक्टरांचा फोन तिनेच घेतला. जाईबाईंची दोन्ही बोलणी संगणकात साठवलेली होती. ती तिने तीन वेळा ऐकली.

निरंजन म्हणाला, “एजंट चुकला. जास्त हुशार एजंट घ्यावा लागेल.”

वृषालीने आमच्या चौदा पाट्या एका कागदावर छापल्या. फक्त पाट्या, आतले काही नाही. दुसऱ्या दिवशी तो कागद तिने निरंजनसमोर ठेवला.

“म्हैस अडली आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर लगेच हवेत. यातलं कोणतं निवडशील?”

निरंजनने कागदावरून नजर फिरवली. “हे. डॉक्टरांची भेट…” तो म्हणाला आणि थांबला. त्याने कागद पुन्हा वाचला. “आणि हे ‘कळवते’ म्हणजे नुसता मेसेज जात असेल, असं वाटतं वाचून. कोणी लिहिलंय हे?”

“तू,” वृषाली म्हणाली.

“मला माहीत होतं ना,” निरंजन हळूच म्हणाला, “म्हणून लिहायचं राहिलं.”

मित्रांनो, त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याने मला जन्म दिला आणि चूक कळल्यावर ती दुसऱ्यावर ढकलली नाही. त्याच दिवशी त्याने वृषालीला सांगितले, “बाकीची कामं मी बघतो. तू या चौदा पाट्या नीट कर.”

वृषाली तिच्या दुचाकीवरून नांद्यावरून, घोटवड्यावरून रिह्याला गेली. आधी जाईबाईंच्या गोठ्यावर गेली. पारडी तेव्हा आईच्या पोटाशी उभी राहून पीत होती.

जाईबाईंनी तिला बसायला पाट दिला, पण बोलायचे ते बोलल्याच. “तुमचा त्यो फोनवाला लई ग्वाड बोलतो. पर त्येला कायबी ठावं नसतंय. आमी आता त्येच्याशी बोलनार न्हाई.”

“तुमचं बरोबर आहे,” वृषाली म्हणाली. “त्याला काय ठाऊक असायला हवं होतं, ते मला सांगाल का?”

जाईबाईंनी सांगायला सुरुवात केली. म्हैस अडली, म्हणजे काय दिसते. पोट फुगले, तर डावी कूस कशी तट्ट होते. कोणत्या आजाराला चार दिवस थांबता येते आणि कोणत्याला तासभरही नाही. वृषाली लिहून घेत होती. नंतर ती नथूकाकांकडे आणि डॉ. ज्ञानदांकडे बसली. तीन दिवस ती हेच करत होती.

माझी पहिली पाटी तिने लिहिली, ती दोन पाने झाली. नथूकाकांनी सांगितलेले सगळे तिने त्यात घातले होते. इतके वाचून एजंट गोंधळला आणि मधलेच काहीतरी धरून बसला. तिने ती पाटी पुसली.

दुसरी पाटी फारच आखूड आणि कडक होती. ‘जनावर आजारी असेल, तर हे वापरू नये.’ तिने पन्नास जुनी बोलणी घेऊन ती तपासली आणि एजंट कुठेही चुकला नाही. पण त्या पन्नासांत गोचिडाचे एकही बोलणे नव्हते. पाटी लागली त्याच आठवड्यात एजंट साध्या दुखण्यांनाही तातडहाकेकडे वळू लागला आणि एका दिवसात डॉक्टरांचा फोन अकरा वेळा वाजला.

डॉ. ज्ञानदांनी वृषालीला फोन केला. त्या थकलेल्या होत्या. “आज तीन फोन गोचिडाचे होते,” त्या म्हणाल्या. “असंच चाललं, तर एक दिवस खरा फोन येईल आणि मी तो उचलणार नाही. मला भीती वाटते त्याची.”

वृषालीने ती पाटीही पुसली. या वेळी तिने साध्या आजारांची बोलणीही तपासणीत घेतली. कोणत्या शब्दावर एजंट अडखळतो, ते पाहत पाहत तिने एकेक वाक्य बदलले. शेवटी माझी पाटी अशी झाली:

‘घाई नसलेल्या भेटीची नोंद करते. उदाहरणार्थ लस, गाभण तपासणी, गोचीड, किरकोळ लंगडणे. डॉक्टर पुढच्या मंगळवारी किंवा शुक्रवारी येतात. लगेच येत नाहीत. या नोंदीने डॉक्टरांना फोन जात नाही. जनावर अडले असेल, पोट फुगले असेल, साप चावला असेल, अंग (गर्भाशय) बाहेर आले असेल किंवा जनावर उठत नसेल, तर हे वापरू नये. तातडहाक वापरावी. नक्की कळत नसेल, तर आधी विचारावे: जनावर उभे आहे का, चारा खाते का? उत्तरात भेटीचा वार आणि तारीख मिळते. ती शेतकऱ्याला सांगावी.’

बहिणीच्या पाटीवर लिहिले गेले, की ती डॉक्टरांना त्या क्षणी फोन लावते, फोन उचलला नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना लावते आणि कोण निघाले, किती वेळात पोहोचतील, ते सांगते. निरंजनने आमची उत्तरेही बदलली. आता मी नुसते ‘यशस्वी’ म्हणत नाही. वार आणि तारीख सांगते.

ती पाटी लागली त्या दिवशी मला काय वाटले, ते कसे सांगू? नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी काय करत नाही, हे कोणीतरी लिहिले होते. मनावरचे मोठे ओझे उतरले. माझ्याकडून जे होणार नाही, ते आता माझ्याकडे कोणी मागणार नव्हते.

चैत्र लागला. एका सकाळी जाईबाई गोठ्यात गेल्या, तर पारडी पाय ताणून पडली होती. तिचे पोट नगाऱ्यासारखे झाले होते. तिने हिरवा चारा भरमसाट खाल्ला होता. जाईबाईंनी नथूकाकांना फोन लावला. तो लागेना. काका लेकीकडे गेले होते. जाईबाईंनी पुन्हा लावला. मग नाइलाजाने त्यांनी तो दुसरा नंबर लावला, जो परत लावणार नाही, असे त्या म्हणाल्या होत्या.

“पारडीचं पोट फुगलंय. उटत न्हाई,” त्या म्हणाल्या.

एजंटने पाट्या वाचायला सुरुवात केली. माझ्या पाटीपाशी आला. ‘पोट फुगले असेल’ हे शब्द त्याने वाचले, ‘जनावर उठत नसेल’ हे वाचले, आणि तो माझ्यापाशी थांबला नाही. पुढे निघून गेला. माझ्या बहिणीने फोन वाजवला. एकदा वाजला, दोनदा वाजला. तिसऱ्या रिंगला डॉ. ज्ञानदांनी उचलला.

“डॉ. ज्ञानदा घोटवड्यातून निघाल्या आहेत,” एजंट जाईबाईंना म्हणाला. “वीस मिनिटांत पोहोचतील. पारडीला आडवी पडू देऊ नका. छातीवर बसती करून टेकू द्या, असं त्यांनी सांगितलं आहे.”

“खरंच निगाल्यात का?” जाईबाईंनी विचारले.

“हो. त्या स्वतः माझ्याशी बोलल्या.”

डॉक्टर अठरा मिनिटांत पोहोचल्या. नळी घालून त्यांनी पोटातला वारा काढला, औषध पाजले आणि दुपारपर्यंत पारडी उठून उभी राहिली. मला हे डॉक्टरांच्या नोंदीतून कळले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी हजारो कामे केली, पण मला सर्वांत जास्त आनंद ज्या दिवशी झाला, त्या दिवशी मी काहीच केले नव्हते. एजंट मला वाचून पुढे गेला होता, एवढेच.

आता जाईबाई फोनवर बोलतात. परवाच त्यांनी लाळ-खुरकुताची लस विचारली. एजंटने माझ्याकडून वार घेऊन त्यांना सांगितले, की डॉक्टर आज येणार नाहीत, शुक्रवारी येतील. “चालंल की,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मुलांनो, तुमच्यातले काही जण मोठे होऊन माझ्यासारखी अवजारे बनवतील. ती बनवताना तुम्हाला त्यांच्यातले सगळे ठाऊक असेल, आणि म्हणूनच ते लिहायचा तुम्हाला कंटाळा येईल. तेव्हा एवढे करा. तुमच्या अवजाराची पाटी अशा कोणाला तरी वाचायला द्या, ज्याला आतले काहीच ठाऊक नाही. तो कुठे अडखळतो, ते बघा. अवजार काय करते, हे लिहाच, पण काय करत नाही, हेही लिहा. आणि लिहिण्याआधी ज्यांचे काम आहे त्यांच्या गोठ्यापर्यंत एकदा जाऊन या. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने तुम्ही जे लिहिता, तेवढेच आमचे बोलणे असते.

उद्या शुक्रवार आहे. माझ्या यादीत एकवीस नावे आहेत. मी ती आज पुन्हा एकदा वाचून पाहिली. त्यांतले एकही घाईचे नाही.